शिवणखोलीच्या दारावरचा कागद

माझी आत्या एकतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात फाटकी कापडं शिवत होती. चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे झगे, पडदे, ऑपरेशनच्या खोलीतली हिरवी फडकी. वरच्या पाच मजल्यांवर माणसं जन्मत होती, मरत होती, आणि दोन्ही वेळेला त्यांच्या पाठीखाली आत्याच्या हातची जोडलेली चादर असायची. पेशंट सोडा, डॉक्टरांनाही हे ठाऊक नव्हतं. जोड दिसला तर तो जोड कसला, असं आत्याचं म्हणणं.

तिच्या खोलीला एकच खिडकी होती, तीही छताला टेकलेली. बाहेरचा रस्ता त्या खिडकीच्या उंचीवर, त्यामुळे आतून माणसं दिसायची ती घोट्यापर्यंत. कोण नर्स उशिरा आली, कोणाच्या पायाला फोड आलाय, हे आत्या चपलांवरून सांगायची. खोलीत शिवणयंत्र, एक लांब टेबल आणि कापडाचे चार ढीग. पहिला कोपरे फाटलेल्यांचा. दुसरा भोकं पडलेल्यांचा. तिसरा मधोमध विरलेल्या चादरींचा. चादर नेहमी मध्येच विरते, कारण माणूस मध्ये निजतो. अशी चादर आत्या मधून उभी फाडायची, न झिजलेल्या दोन्ही कडा मध्ये आणून जोडायची आणि विरलेला भाग कडेला टाकायची. चादरीला आणखी तीन वर्षं आयुष्य. चौथा ढीग ज्यांचं काहीच होण्यासारखं नव्हतं त्यांचा. ढिगांच्या मधून पाऊल मावेल एवढीच वाट.

परक्या माणसाला तो पसाराच वाटायचा. पण तिला विचारा, बालवॉर्डातला निळा पडदा कुठाय? ती मान वर न करता म्हणायची, "दुसरा ढीग, वरून सातवा. ओढू नको, उचलून घे."

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक नवे मोठे डॉक्टर पाहणीला तळघरात आले. दारात उभे राहिले, आत नजर टाकली, एकच शब्द बोलले आणि निघून गेले. "शॅम्बल्स!" मागचे चारपाच जण हसले. आत्या तोंडात दोरा धरून तशीच उभी.

तिनं म्हाताऱ्या नर्सबाईला विचारलं, "शिवी होती का हो?"

"शिवी नाही गं. पण कौतुकही नव्हतं, एवढं समज."

आत्या सातवी शिकलेली. तिला इंग्रजी अक्षरं लागत होती, अर्थ लागत नव्हता. रद्दीच्या खोलीतून तिनं कव्हर नसलेला एक शब्दकोश मिळवला आणि तो शब्द शोधून काढला. पूर्वी खाटकाच्या जागेला म्हणत, आता पार बट्ट्याबोळ झालेल्या कशालाही म्हणतात. ती भडकली. "खाटकाची जागा? रक्त वरच्या मजल्यांवर. माझ्याकडे येतं ते धुऊन, वाळवून. यांनी जिना चुकवला असणार!"

पण त्या शब्दानं तिला एक वेड लावलं. आपल्या खोलीला जर कोणी नाव ठेवणार असेल, तर त्या जातीची सगळी नावं आपल्याला आधीच माहीत असावीत. चौथ्या ढिगातल्या चादरींच्या पट्ट्या कापून, हॉस्पिटलचा शिक्का मारायच्या पक्क्या शाईनं ती एकेक शब्द लिहू लागली. पट्ट्या टाचून टाचून कापडाची वही झाली. एकएका शब्दापाशी ती महिनामहिना थांबायची. शब्दकोशात अर्थ मिळतो, पण तो कुठं वापरायचा हे कळत नाही, म्हणून वरच्या मजल्यांवर कापडं पोचवायला गेली की नर्सा आणि डॉक्टर काय बोलतात ते कान देऊन ऐकायची. असा शब्द एकदा तिच्या हाताला लागला की मग तो तिचा.

ते शब्द ती समजावून सांगायची, ते ऐकण्यासारखं होतं. "अनटायडी म्हणजे नुसतं जागच्या जागी न ठेवलेलं. हलका शब्द, लेकरालाही म्हणता येतो. मेसी त्याच्या पुढचा. त्यात राडा आला, सांडलवंड आली. आणि भानगडीच्या प्रकरणालाही मेसी म्हणतात बरं का, नवराबायकोच्या कोर्टातल्या भांडणाला वगैरे. क्लटर्डमध्ये घाण नाही. अडगळ आहे. वस्तू चांगल्या, पण इतक्या की हात फिरवायला जागा नाही. शॅबी म्हणजे विटलेलं, झिजलेलं. शॅबी माणूस स्वच्छ असू शकतो, त्याचा कोट जुना, एवढाच त्याचा गुन्हा."

मी विचारलं होतं, "आणि केसांना?"

"वाऱ्यातून धावत आलास तर डिशेव्हल्ड. आता विस्कटलेला, घटकेत नीट होशील. आठ दिवस तेलफणी नाही, तर अनकेम्प्ट. तू आत्ता दोन्हीच्या मध्ये कुठंतरी आहेस."

एका शब्दाला मात्र ती जपून हात लावायची. स्क्वॉलिड. "त्यात घाण आहे, गरिबी आहे, आणि वर लाज आहे. कोणाच्या घराला हा शब्द लावलास तर परत त्या घरी पाणी मागू नये." आपल्या भाषेत काय कमी आहेत, असं कोणी म्हटलं की ती बोटांवर मोजून दाखवायची. गबाळं, अजागळ, भोंगळ, ओंगळ, बकाल, गचाळ. "आपलेही काही कच्चे नाहीत. पण हॉस्पिटलचा कागद इंग्रजीत निघतो. ज्या भाषेत कागद निघतो, त्या भाषेत आपल्याला डोळे पाहिजेत."

आता धाकटीचं सांगतो. धाकटी म्हणजे आत्याची जाऊ, दिराची बायको. आत्याचा नवरा लवकर गेला. दीर आणि जाऊ भिंतीपलीकडच्या दोन खोल्यांत राहायचे, नळ दोघींत एक. धाकटी एकोणिसाव्या वर्षी घरात आली तेव्हापासून आत्या तिला धाकटे म्हणायची आणि ती आत्याला ताई. तिला हॉस्पिटलच्या लाँड्रीत कपडे मोजायचं काम लावलं ते आत्यानंच. पोरगी हुशार, हाताला चपळ, बोलायला गोड. तिची दोन मुलं झाली तेव्हा दोन्ही वेळेला आत्यानं रजा काढली.

पुढं हॉस्पिटलात एक नवी जागा निघाली. सगळ्या कापडाची देखरेख करायची, खोल्या तपासायच्या, रिपोर्ट लिहायचे. अट एकच, रिपोर्ट इंग्रजीत लिहिता आला पाहिजे.

"ताई, मला कुठलं जमतंय?"

"न जमायला काय झालं? मी आहे की."

सहा महिने, रोज जेवणाच्या सुट्टीत, तळघरात शाळा भरली. धाकटी दोघींचा चहा घेऊन यायची आणि ढिगावर बसायची. आत्या म्हणायची, "तिसऱ्यावर बस, पहिल्यावर नको, त्यात अजून सुया आहेत."

एकदा धाकटीनं हौसेनं एक अभ्रा शिवला. शिवण साप चालल्यासारखी. आत्यानं तो उजेडात धरला.

"याला काय म्हणशील?"

"मेसी?"

"नाही. मेसी पसाऱ्याला. हे स्लॉपी. ढिसाळ. हा शब्द वस्तूला लावला तरी जाऊन लागतो करणाऱ्याच्या हाताला. मन नव्हतं, लक्ष नव्हतं, लाज नव्हती, असं तो सांगतो. उसव."

"अहो ताई, अभ्राच तर आहे. उशीला काय कळतंय?"

"उशीला नाही कळत. उसव."

धाकटीनं अख्खी शिवण उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली. तिसऱ्यांदा सरळ आली तेव्हा आत्या म्हणाली, "आता तुला कळला. कागदावर लिहायची वेळ येईल तेव्हा दहादा विचार कर. पसारा आवरता येतो. या शब्दाचा डाग धुऊन जात नाही."

धाकटी तेवढ्यावर थांबायची नाही. "ताई, आपल्या या खोलीला कुठला शब्द लागेल?"

आत्या मोकळेपणानं हसली. "क्लटर्ड. खरं ते खरं."

"भिंतींना?"

"शॅबी. मी आले तेव्हापासून चुना नाही लागला."

"आणि तो खिडकीखालचा अंधार कोपरा?"

"डिंगी. उजेड नाही आणि कळकट दिसतं, त्याला डिंगी." धाकटी सगळं लिहून घेत होती, आणि आत्याला वाटत होतं, असा विद्यार्थी भाग्यानं मिळतो.

धाकटीला जागा मिळाली. आत्यानं सगळ्या लाँड्रीला चहा पाजला.

त्यानंतर चार महिने गेले असतील. एका सोमवारी शिपाई चार टाचण्या आणि एक कागद घेऊन तळघरात आला. त्या हॉस्पिटलची रीत अशी की कुठलीही खोली बंद करायची असेल, तर त्याचा रिपोर्ट आधी सात दिवस त्याच खोलीच्या दारावर लावायचा. ज्याला हरकत असेल त्यानं खाली सोडलेल्या जागेत लिहायची.

"आत्या, नोटीस आहे. कोणाला वाचून दाखवायला बोलावू?"

"टेबलावरचा चष्मा दे."

उंबऱ्यात उभी राहून ती एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. खोली डिंगी आहे. बरोबर. भिंती शॅबी आहेत. बरोबर. जागा क्लटर्ड आहे, वाट एक फूटही रुंद नाही. तेही बरोबर, ती मान डोलावत गेली. दुसऱ्याच्या घराबद्दल वाचावं तसं तिनं ते वाचलं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, या खोलीतलं शिवणकाम स्लॉपी झालेलं आहे. शिवणारीच्या हातून आता नीट काम होत नाही. म्हणून खोली बंद करून तिला घड्या घालायच्या टेबलावर पाठवावं. खाली सही धाकटीची.

शिपाई म्हणाला, "काय लिहिलंय?"

"स्पेलिंग सगळी बरोबर आहेत," आत्या म्हणाली आणि आत जाऊन यंत्रावर बसली. पण पाय हलेना.

दुसऱ्या कोणी ते लिहिलं असतं, तर आत्यानं त्याला सोडून दिलं असतं. बिचाऱ्याला शब्दांतला फरक ठाऊक नाही, पसाऱ्याला लावायचा तो कामाला लावला, असं म्हणून मोकळी झाली असती. इथं तीही वाट बंद होती. हा फरक धाकटीच्या बोटांतून दोनदा उसवून घातलेला होता, तोही आत्यानंच. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. आणि केसही आपल्याच डोक्याचा.

बातमी लाँड्रीत पोचायला किती वेळ? दुपारी इस्त्रीवाला खाली आला. तोंडाचा फटकळ, मनाचा मऊ.

"आत्या, धाकटीनं तुम्हाला इस्त्री केली हो. पाणीसुद्धा न मारता."

"जा, तुझं काम कर."

"मी जातो. पण तुम्ही लिहा. खाली जागा सोडलीय ना? लिहा की सगळं खोटं आहे. लिहा की या बयेला ए बी सी डी मी शिकवली. साहेब लोकांना कळू दे, अस्तनीत काय पाळलं होतं ते."

"सगळं खोटं कुठंय? एकच शब्द खोटा आहे."

"धन्य तुमची," इस्त्रीवाला म्हणाला. "घर जळतंय आणि तुम्ही म्हणताय, एकच वासा पेटलाय."

संध्याकाळी नळावर दोघी समोरासमोर आल्या. धाकटीनं आधी बादली खाली ठेवली, मग पुन्हा उचलली.

"वाचलात, ताई?"

"वाचला."

"रागावलात?"

"एक विचारते. पसारा लिहिलास, अंधार लिहिलास, भिंती लिहिल्यास. तिथं थांबता येत नव्हतं?"

"ऑफिसचे साहेब म्हणाले, नुसत्या पसाऱ्यावर खोली बंद होत नाही. वरचे म्हणतील, आवरून घ्या. कामातच खोट दाखवावी लागते म्हणाले."

"आणि तू दाखवलीस."

"माझी नोकरी कच्ची आहे ताई, अजून पक्की नाही झाली. नाही म्हटलं असतं तर काढलं असतं मला. दोन पोरं आहेत." तिनं बादली दुसऱ्या हातात घेतली. "तुमचं आता राहिलंय किती? एक वर्ष."

"एक वर्ष राहिलंय म्हणून एकतीस खोटी झाली?"

"एक शब्द तर आहे. मला वाटलं, तुम्हीच समजून घ्याल. दुसरं कोणी घेणार नाही, पण तुम्ही घ्याल."

आत दीर खोकला. बाहेर मात्र आला नाही. बादली भरून वाहू लागली तेव्हा आत्यानं नळ बंद केला आणि ती आपल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं दारावरच्या कागदाखाली इंग्रजीत एकच ओळ लिहिली. माझी हरकत फक्त स्लॉपी या शब्दाला आहे. खाली सही. धाकटीचं नाव नाही, शिकवण्याचा उल्लेख नाही. इस्त्रीवाल्यानं कपाळावर हात मारला. आत्याचा हिशेब सरळ होता. खोली हॉस्पिटलची, ती ठेवायची की नाही ते हॉस्पिटल बघेल. पण तिची फाईल कपाटात राहणार होती. तिच्या मागून कोणी ती उघडली, तर एकतीस वर्षांच्या शेवटी ढिसाळ हा शब्द दिसायला नको होता. तेवढ्यासाठी ती उभी राहणार होती.

सातव्या दिवशी वरच्या ऑफिसात बोलावणं आलं. मोठे सुपरिंटेंडेंट, मेट्रनबाई, ऑफिसचे साहेब आणि फाईल छातीशी धरून धाकटी. आत्या पहिल्यांदाच त्या खोलीत येत होती. तिथल्या पडद्याची खालची दुमड आपलीच, हे तिनं बसायच्या आधी ओळखलं.

सुपरिंटेंडेंटनी कागद पुढं ओढला. "ही ओळ कोणी लिहून दिली तुम्हाला?"

"मीच लिहिली."

"इंग्रजी येतं तुम्हाला?"

"पसाऱ्यापुरतं येतं."

मेट्रनबाईंना हसू आलं. सुपरिंटेंडेंट धाकटीकडे वळले. "या तुमच्या नात्यातल्या ना? यांना इंग्रजी येतं हे तुम्हाला ठाऊक होतं?"

धाकटीनं आत्याकडे पाहिलं नाही. फाईलची दोरी बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "नाही, सर."

आत्या मला नंतर म्हणाली, कागद वाचला तेव्हा मी रागावले होते, पण ते दोन शब्द ऐकले आणि राग कुठं गेला कळलंच नाही. आत नुसती मोकळी जागा झाली. सहा महिन्यांच्या दुपारी एका झटक्यात नव्हत्याच झाल्या.

ती मेट्रनबाईंना म्हणाली, "बाई, वरच्या कुठल्याही मजल्यावरच्या कुठल्याही खाटेवरची चादर मागवा. मी निवडत नाही. तुम्ही निवडा."

चादर आली. टेबलावर पसरली. मेट्रनबाई आणि सुपरिंटेंडेंट दोघं वाकून जोड शोधू लागले. डोळ्यांना सापडेना. शेवटी मेट्रनबाईंनी डोळे मिटून बोट फिरवलं, तेव्हा मधोमध एक बारीक रेघ बोटाला लागली. सुपरिंटेंडेंटनी दोन्ही बाजूंनी धरून चादर जोरात ओढली. एकदा, दोनदा. चादर ताणली, जोड हलला नाही.

"ही किती वर्षांची?"

"शिक्का बघा कोपऱ्यात. अकरा."

त्यांनी लाल पेन काढला आणि तो शब्द खोडला. शिवणारीच्या हातून नीट काम होत नाही, ते वाक्यही खोडलं. मग पेनाला टोपण लावत म्हणाले, "बाकीचं तुम्हाला मान्य आहे?"

"आहे. खरंच आहे ते."

"खोली मात्र बंद होईल. नव्या चादरींचा करार तीन महिन्यांपूर्वीच झालाय. आता फाटलं की फेकायचं. शिवायचंच नाही."

आत्यानं विचारलं, "म्हणजे हा शब्द लिहिला नसता तरी...?"

"तरी बंदच होणार होती. रिपोर्ट म्हणजे फाईलला एक कागद लागतो, इतकंच."

ऑफिसचे साहेब खिडकीबाहेर बघत होते. आता धाकटीनं मान वर केली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. नोकरी वाचवायला तिनं जे विकलं होतं, ते वरच्या कोणाला लागतच नव्हतं. ते साहेबांनी सहज म्हटलं होतं आणि तिनं तेवढ्यावर दिलं होतं.

जिन्यात इस्त्रीवाला वाट बघत उभा. "काय झालं?"

"शब्द खोडला."

"आणि खोली?"

"गेली."

"मग आपण जिंकलो की हरलो, आत्या?"

"मला भूक लागलीय," आत्या म्हणाली.

महिन्याअखेर यंत्र हललं, ढीग हलले, भिंतींना चुना लागला. आत्या घड्यांच्या टेबलावर आली, धाकटीच्या हाताखाली. आल्या दिवसापासून ती धाकटीला मॅडम म्हणू लागली. आधी लाँड्रीतल्या बायका पदर तोंडावर घेऊन हसल्या. मग त्यांना कळलं की हा टोमणा नाही, आणि हसणं थांबलं. आत्या घरीही तेच म्हणायची. नळावर, दारात, मुलांच्या देखत. "मॅडम, तुमची बादली भरली." "मॅडम, दूधवाला हाक मारतोय." आवाजात तिखट नाही, मीठ नाही.

मी एकदा तिच्याकडे गेलो होतो तेव्हाची गोष्ट. सुट्टीचा दिवस, दुपार. धाकटी दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"ताई, मला शिव्या द्या. चार माणसांत द्या. पण पहिल्यासारखं धाकटे म्हणा एकदा."

आत्या ताटं पुसत होती. तिनं हातातलं ताट पुसून पालथं ठेवलं, दुसरं घेतलं.

"शिव्या कशाला, मॅडम? मला इंग्रजी येतं हे ठाऊक नव्हतं, असं तुम्हीच सांगितलंत. म्हणजे तुम्ही मला ओळखतच नव्हता. ओळख नसलेल्या बाईला मी आणखी काय म्हणणार?"

धाकटी चौकटीला धरून उभी होती. मला वाटलं, आत्या आता उठेल, तिला आत घेईल. तिनं तिसरं ताट घेतलं.